ते इंग्रजीत नव्हतं

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. त्या पिक्चरमधलं पळसाच्या झाडाचं वाक्य इंग्रजीत नव्हतं. ते मी लिहिलं. चुकून नाही, लिहिण्याच्या ओघात नाही. चहा पिऊन, खोलीचं दार लावून, शांतपणे लिहिलं. नंतर त्याने मला विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर सांगितलं, "भाऊ, मूळ इंग्रजीतच तसं आहे. मी फक्त आपल्या बोलीत आणलं."

त्याला इंग्रजी येत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून तर हेच खोटं निवडलं.

मी यवतमाळात लग्नांचं शूटिंग करतो. घर लोहाऱ्याला आहे, घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर, तिथेच एडिटिंग. आषाढ लागला की चार महिने हाताला काम नसतं. पूर्वी त्या दिवसांत जुन्या कॅसेटी साफ करत बसायचो. आता कॅसेटीही राहिल्या नाहीत. मग लोक करतात ते मीही सुरू केलं. जुने, कुणाचा हक्क न उरलेले इंग्रजी पिक्चर शोधायचे, त्यांना वऱ्हाडीत बोलतं करायचं आणि चॅनलवर टाकायचे. उंच टोपीवाला गोरा माणूस "काहून बे" म्हणाला की आमच्याकडचे लोक हसून लोळतात. त्यांना तेवढं पुरतं.

हा पिक्चर असाच शोधता शोधता सापडला. बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा, काळापांढरा, तासाभराचा. अमेरिकेतलं माळरान आणि त्यावर घोड्यांची शर्यत. मागे सतत खरखर, कढईत मोहरी टाकल्यासारखी. बोलायची वेळ आली की सगळी पात्रं टेबलाभोवती येऊन गुमान उभी राहायची आणि टेबलावरच्या फुलदाणीकडे तोंड करून बोलायची. माझ्या लगेच लक्षात आलं, माइक फुलदाणीत असणार. मी स्वतः हारांच्या ताटात माइक लपवून मंगलाष्टकं घेतलेली आहेत. घोडे धावायचे तेव्हा मात्र टापांचा आवाज मागाहून टाकलेला, तो पायांशी जुळत नव्हता. घोडा थांबला तरी टापा चालूच.

कथा सोपी होती. एका माणसाकडे नामी घोडा असतो. त्याचा जुना मित्र शर्यतींत त्या घोड्यावर बसून तो पळवतो. मोठ्या शर्यतीत हा मित्र ऐन शेवटी लगाम ओढतो, समोरचा जिंकतो, आणि मित्राला गावातून हाकलून देतात. पुढे थोडी मारामारी, एक लग्न, संपला.

मी शर्यतीचा शंकरपट केला, म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आणि लगामाचा कासरा. घोडे घोडेच ठेवले, ते कुठे जाणार. घोडा पळवणाऱ्या मित्राला आवाज कुणाचा द्यायचा हा प्रश्नच पडला नाही. मी सरळ भाऊला फोन केला.

भाऊ म्हणजे आमच्या गावचा धुरकरी, पटात जोडी हाकणारा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझ्या वडिलांची पटाची जोडी तोच हाकायचा. जोडी सुटली की त्याची हाक पटाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. त्याचं घर विहाराजवळ, आमचं गावाच्या या बाजूला, पण त्याचा दिवस आमच्या गोठ्यात जायचा. घरच्यासारखा आहे, असं आम्ही म्हणायचो, आणि चहा त्याला गोठ्यातच नेऊन द्यायचो. पटांवर बंदी आली तेव्हा तो रोजीने फवारणी करू लागला. बंदी उठली आणि लोक पुन्हा त्याच्याकडे यायला लागले. आता दुसऱ्यांच्या गोऱ्ह्यांना पटाची सवय लावायचं काम करतो.

तो बाजाराच्या दिवशी बसने यायचा. मी खोलीच्या भिंतींवर वाकळा टांगलेल्या, दार लावलेलं, फॅन बंद.

"फॅन कायले बंद केला?"

"आवाज येते भाऊ माइकमधे."

"मंग तुह्या धंद्यात माणसं मरत कशी नाही?" तो बनियनवर यायचा, दुपट्ट्याने मान पुसायचा, आणि खुर्चीवर न बसता उभाच राहायचा. बसून हाक निघत नाही म्हणायचा. "ह्या टोपीवाल्याले बायको हाये का?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"मंग आवाज मोकळा काढतो."

पहिल्या दोन बाजारांत आम्ही अर्धा पिक्चर संपवला. इतकं हसलो की बायको दोनदा दार वाजवून गेली. कुंपणावर बसलेले लोक, छत्र्या घेतलेल्या बायका, घड्याळ हातात घेऊन उभा असलेला पोट सुटलेला पंच, धूळ, हे सगळं पाहून तो म्हणाला, "हे तं आपलंच गाव हाये. फक्त टोप्या मोठ्या."

तिसऱ्या बाजाराला शर्यतीचा भाग आला.

मी आधी त्याला तो आवाजाशिवाय दाखवला. घोडे सुटले, वळले, शेवटच्या टप्प्याला आले. तो पडद्याच्या जवळ गेला.

"मांगं घे."

मी मागे घेतलं.

"अजून मांगं. हं. आता हळू चालव." त्याने बोट पडद्यावर ठेवलं. "हात पाह्य त्याचा. ओढून राह्यला. लोकाइले दिसणार नाही असा. खांदा हालला नाही, फक्त मनगट." मग म्हणाला, "मीबी असाच ओढलता."

मला वाटलं, गंमत करतोय. "कधी?"

"तुह्या बापाची जोडी. पुसदकडच्या त्या पटात. पळसापाशी."

मी माउसवरचा हात काढला. त्या खोलीत फॅन बंद असतो म्हणून म्हणा, सगळं फारच स्पष्ट ऐकू येत होतं.

"कायले?"

"तेवढं नोको विचारू." तो दुपट्टा घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा घडी करत होता. "लय वर्षं झाले. तुले सांगतलं, कोणाले सांगजो नोको. ह्या टोपीवाल्याचा हात पाह्यला अन् निघून गेलं तोंडातून."

"नाही सांगत," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने उरलेले संवाद म्हटले, चांगले म्हटले. मी त्याला गाडीवर बसवून स्टँडवर सोडलं. वाटेत तो एका गोऱ्ह्याबद्दल बोलत होता, उजव्या अंगाला झुकतो म्हणून. मी हं हं म्हणत होतो.

तो पट मला अजून डोळ्यांसमोर आहे. मी बावीस वर्षांचा होतो. कॉलेज अर्धवट सोडलं होतं आणि दोन वर्षं त्या जोडीखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. सकाळी त्यांना ओल्या रेतीत चालवायचो, सरकी भिजवायचो, उडदाचं पीठ, अंडी, दूध. घरात दूध कमी पडलं की आई म्हणायची, "आता चहा बैलाइनंच करून प्यावा." त्या वर्षी जोडी चार पट जिंकून आली होती. पुसदकडच्या त्या गावात शेवटच्या फेरीत दोनच जोड्या उरल्या, आमची आणि त्या गावच्या पाटलांची. शेजारी शेजारी सुटल्या. अर्ध्यात आमची छकडाभर पुढे होती. पट संपायच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला एक पळस होता. तिथवर आमची पुढे होती. तिथून पुढे त्यांची.

परत येताना टेम्पोत वडील केबिनमध्ये, मी मागे बैलांजवळ, भाऊ माझ्यासमोर. मी त्याला विचारलं होतं, "काय झालं भाऊ?" तो म्हणाला होता, "डावा दमला." मी डाव्याच्या पाठीवर हात फिरवला होता. त्याचा श्वास बरोबर होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण भाऊ म्हणाला म्हणजे दमलाच असणार.

गावात मला महिनाभर ऐकावं लागलं. "काय लेका, अंडे बैलाइनं खाल्ले का तूच?" वडिलांनी ती जोडी पुन्हा पटात उतरवली नाही. का, ते सांगितलं नाही. नांगराला लावली. मला ते पाहवेना. मी यवतमाळात येऊन एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो, आणि तेव्हापासून इथेच आहे. म्हणजे माझं जे काही आयुष्य झालं ते त्या पळसापासून वळलं, आणि सव्वीस वर्षं मी समजत होतो की एका बैलाचा दम संपल्यामुळे वळलं.

त्याच वर्षी त्याच पाटलांच्या घरी माझी बहीण दिली. सोयरीक पटाच्या आधीपासून चालू होती हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तर हे लिहावं लागलं नसतं.

मी एकच धरून बसलो, की त्याने पट विकला. कोणीतरी काहीतरी दिलं असेल आणि त्याने आम्हाला विकलं. ज्याच्यासमोर मी बैलाच्या पाठीवर हात फिरवला त्याने. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, ॲसिडिटी आहे. राग आला असता तर बरं होतं, राग बोलून निघून जातो. हे तसं नव्हतं. जुन्या एकेका आठवणीत जाऊन मी तिथे त्याला पुन्हा पाहत होतो आणि प्रत्येक ठिकाणी तो खोटा दिसत होता. माझ्या लग्नात नाचला तो खोटा. वडील गेले तेव्हा खांदा दिला तो खोटा.

पिक्चरच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. घोड्याचा मालक कुंपणापाशी उभा असतो, आपल्याकडे पाठ करून. समोर मित्र, मान खाली. थोड्या वेळाने मित्र वळतो आणि निघून जातो. मालक पाठमोरा आहे, त्यामुळे त्याचे ओठ दिसत नाहीत. आमच्या कामात अशी जागा म्हणजे मोकळं रान, तिथे काहीही भरता येतं. मुळात तिथे तो काही बोलतच नाही. खरखर आहे फक्त.

मालकाचा आवाज माझा होता. मी लिहिलं आणि एका दमात म्हटलं:

"माह्या गोठ्यात वाढला, माह्या जोडीवर नाव कमावलं, अन् पळसापाशी येऊन कासरा ओढला. तुले वाटलं, कोणी पाह्यलं नाही."

घोडा एकच होता, तरी मी जोडी म्हणालो. त्या माळरानावर निवडुंगाखेरीज काही उगवत नव्हतं, तरी पळस म्हणालो. पुन्हा ऐकलं. पुसून टाकायला एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही, उलट मागची खरखर जरा कमी केली, शब्द नीट कळावेत म्हणून. मग पिक्चर चॅनलवर टाकला.

तो खूप चालला. माझं एवढं कधीच काही चाललं नव्हतं. लोकांनी तुकडे पाडून मोबाइलच्या ग्रुपवर फिरवले. बहुतेकांना ते हसण्यासारखंच वाटलं, पण आमच्या पट्ट्यातले जुने पटवाले हसले नाहीत. शेवटाजवळ पळस असलेला पट या भागात एकच आहे. तिथे शेवटच्या फेरीत मागे पडलेली जोडी कुणाची, हाकणारा कोण, हे सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. आणि पिक्चरमध्ये कासरा ओढणाऱ्याचा आवाज तर भाऊचाच होता. त्याच्याच आवाजात तो "चुकलो मालक" म्हणत होता. ते मूळ पिक्चरमध्ये होतं, एवढं खरं.

बंदी उठल्यावर आमच्या गावात पट पुन्हा भरायला लागला होता, आणि कमिटीने झेंडी भाऊच्या हाती दिली होती. झेंडी पडली की जोड्या सुटतात. ती कोणाच्या बाजूने अर्ध्या श्वासानेही लवकर पडू नये, म्हणून ज्याच्या हातावर सगळ्यांचा भरवसा असतो त्यालाच ती देतात. पैसा नाही, काही नाही, पण पांढरा शर्ट घालून तो तिथे उभा राहायचा तेव्हा वहिनी, म्हणजे त्याची बायको, मुद्दाम समोरच्या बाजूला येऊन बसायची.

त्या वर्षी लोक त्याला पारावर बोलू लागले. "भाऊ, झेंडीले तं कासरा नसते नं?" "भाऊ, यंदा पळस कोठी लावाचा?" तो आधी हसला म्हणे. मग कमिटीतल्या एकाने घरी येऊन सांगितलं, यंदा पोरांना संधी देऊ, तुमचं वय झालं. तो चोपन्नचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो लोहाऱ्याला आला. चपला बाहेर काढून खोलीत आला. त्या दिवशी फॅन चालू होता. खुर्चीवर बसला.

"एक विचारतो," तो म्हणाला. "ते पळसाचं तू टाकलं का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याजवळ आठ दिवसांपासून तयार होतं.

"नाही भाऊ. मूळ इंग्रजीतच तसं आहे. कोणतं तरी झाड होतं तिकडचं, मी आपला पळस केला. मी फक्त आपल्या बोलीत आणलं. मले का माहीत लोक असं जोडतील म्हणून."

"जोडीबी इंग्रजीतच होती?"

"तोंडातून गेलं असन. आपल्याकडे जोडीच म्हणतो नं."

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, दाखव. मी एवढंही ठरवून ठेवलं होतं की कॉम्प्युटर बिघडला म्हणायचं. तो म्हणाला, "असन. तू म्हणतं तं असन." मग बायकोने आणलेलं पाणी प्यायला आणि उठला. चहा नको म्हणाला. दारात थांबून म्हणाला, "तुह्याकडून नाही गेलं, हे बरं झालं."

तो गेल्यावर मला जे वाटलं तेही लिहितो, कारण लिहायला बसलोच आहे. मला बरं वाटलं. फिटलं, असं वाटलं.

हे दोन महिने टिकलं. भाऊबीजेला बहीण आली. ओवाळून झालं, जेवण झालं, मग ती म्हणाली, "तुहा तो घोड्याचा पिक्चर पाह्यला मी. तिकडं सगळे पाहून राह्यले."

"कसा वाटला?"

"तू असं काहून केलं रे त्या माणसासंगं?"

मी तेच सांगायला लागलो, इंग्रजीतच होतं वगैरे. तिने मधेच थांबवलं. ती म्हणाली, पटाच्या आदल्या संध्याकाळी ती गोठ्याच्या मागे गोवऱ्या काढत होती. वडील आणि भाऊ आत बोलत होते. वडील म्हणाले होते, पोरीची बोलणी त्या पाटलाच्या आंगणात चालू आहेत. त्या माणसाच्या गावात, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर त्याची जोडी मारून मी कोण्या तोंडानं सोयरीक करू? जोडी शेवटच्या फेरीत आली तर सांभाळून घे.

"अन् भाऊ काय म्हणाला?"

"भाऊ म्हणाला, मालक, पोराले सांगा, त्यानं जीव लावला हाये जोडीले. बाबा म्हणाले, त्याले नोको सांगू. त्याच्या पोटात राहत नाही. तो कोठीतरी बोलून टाकन."

माझ्या वडिलांनी मला विश्वासात घेतलं नाही. बहिणीलाही सव्वीस वर्षं सांगावंसं वाटलं नाही. ज्याला मी विकलेला समजलो तो एकटा माणूस माझी बाजू घेऊन बोलला होता. आणि वडील बरोबर ठरले होते, हे सगळ्यांत वाईट. मी बोलूनच टाकलं होतं.

"तू मले कधीच सांगतलं नाही," मी म्हणालो.

"मले वाटलं, बाबानं मांगून सांगतलं असन तुले. अन् सांगून काय करू? माह्या सासऱ्याच्या बैठकीत अजून फोटो हाये त्या जोडीचा, हार घातलेला. म्हातारा येणाऱ्या जाणाऱ्याले दाखवते. माह्या लग्नात तो म्हणे, तुमची जोडी मारली अन् पोरगीबी जिंकून आणली. बाबा हसले होते. मी त्या घरात कोणाले सांगू का तो पट तुम्हाले देल्ला होता?"

मी त्याच रात्री पिक्चर चॅनलवरून काढला. त्याचा उपयोग नव्हता. तुकडे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होते. परवाच एका लग्नात मी शूटिंग करत असताना वऱ्हाडातला एक जण तेच वाक्य म्हणून दाखवत होता, माझ्याच आवाजाची नक्कल करून.

चार दिवसांनी मी गावाला गेलो, विहाराजवळ गाडी लावली. भाऊ अंगणात एका गोऱ्ह्याच्या मानेला तेल चोळत होता. वहिनीने खाट टाकली. तिने मला कसा आहेस विचारलं, पण नेहमीसारखं बसली नाही.

"मले समजलं," मी म्हणालो. "बाबानं सांगतलं होतं तुले. बहिणीनं सांगतलं."

त्याने हात थांबवला नाही. "मंग आता कायले काढतं ते."

"तू मले सांगाचं नं भाऊ. त्या दिवशी खोलीत मी विचारलं तं."

"तुह्या बापाले शब्द देल्ला होता. तो मेला म्हणून काय शब्द मेला?" गोऱ्ह्याने मान झटकली, त्याने त्याला थोपटलं. "अर्धं तं निघूनच गेलं तोंडातून. तेवढंबी नव्हतं पाहिजे."

"मी गावात सांगतो. कमिटीले सांगतो, बाबाचंच सांगणं होतं म्हणून."

"मंग तुह्या बहिणीच्या घरी काय होईन? म्हातारा बसला हाये अजून तिकडं फोटोखाली. नोको. झेंडी काय, पोरं पाडतात चांगली."

मी उठायच्या बेतात होतो. खरं ते सांगायलाच गेलो होतो मी. येताना गाडीवर तीन-चार वेळा म्हणूनही पाहिलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "लोकाइचं मले काही वाटत नाही. लोक बोलतात, विसरतात. पण पहिल्या दिवशी वाटलं होतं, तूच टाकलं. दोन दिवस झोप नव्हती मले. मंग तू म्हणाला, इंग्रजीतच होतं. मले बरं वाटलं. ते तुह्याकडून असतं नं, तं मले सहन झालं नसतं."

वहिनी आतून चहा घेऊन आली. मी तो घेतला. चहा पिऊन झाल्यावर म्हणालो, येतो भाऊ. तो म्हणाला, येजो. त्या घरी मी पुन्हा गेलेलो नाही. तो फोन करतो कधीमधी, मी दोन वाक्यांत आवरतो.

बहिणीला विचारलं, मी हे लिहू का. ती म्हणाली, लिही, पण सासरे आहेत तोवर कुणाचं नाव नको, आपल्या गावाचं नको, सासरच्या गावाचंही नको. ते मी पाळलं आहे. तिलाही मी एवढंच सांगितलं आहे की आमच्या जुन्या पटाबद्दल लिहितोय. वाक्य माझं होतं हे तिने ओळखलंच असेल, पण माझ्याकडून तिलाही ते इथेच कळेल.

कधी वाटतं, न सांगणं हीच त्याच्यावरची दया आहे. त्याने स्वतःच सांगितलं की सहन झालं नसतं. पण हे वाटणं मला फारच सोयीचं आहे, आणि सोयीच्या गोष्टींबाबत मी कसा वागतो ते वर लिहिलंच आहे. त्याने शब्द पाळला तेव्हा त्याला स्वतःला त्यातून काही मिळालं नव्हतं. मी गप्प राहिलो तर मला भाऊ मिळत राहतो.

हे छापून आल्यावर कोणीतरी त्याला वाचून दाखवणारच. त्याच्या आधी मी त्याच्याकडे जायला हवं. त्याच्या समोर बसून, वहिनी असताना, सांगायला हवं की पिक्चरमध्ये त्या जागी कुणीच काही बोलत नाही, ते वाक्य मी लिहिलं आणि तुला दुखावं म्हणून लिहिलं. बहिणीचे सासरे गेल्यानंतर आमच्या गावच्या पटात माइकवर उभं राहून सांगायला हवं की तो कासरा माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून ओढला गेला. ही दोन देणी माझ्याकडे आहेत. दोन्ही अजून दिलेली नाहीत.